तेलवाल्याचा पांढरा पोशाख

प्रकाशचंद शेठच्या जिनिंगमध्ये एक पांढराशुभ्र पोशाख होता, आणि म्हणे तो तेलवाल्याचा होता. तेलवाला आणि पांढरा पोशाख! ज्या डोक्यातून ही कल्पना निघाली त्या डोक्याला सगळं अमळनेर हुशार म्हणत असे, यावरून अमळनेरचीही पारख होते.

त्याचं असं झालं. जिनिंगमध्ये कापसातून सरकी नि रुई वेगळी करणारे रेचे ओळीने मांडलेले होते. त्यांच्या फळ्यांखाली एक अरुंद बोळ होता आणि त्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी शाफ्ट फिरत असे. त्याच्याच पट्ट्यांवर वरचे सगळे रेचे चालत. तेलवाल्याने दिवसातून तीनदा कमरेत वाकून त्या बोळात शिरायचं आणि फिरत्या शाफ्टला तेल पाजत दुसऱ्या टोकाला बाहेर यायचं. शाफ्ट थांबवून तेल घालावं असंही नियमात होतं, पण हंगामात शाफ्ट थांबवणारा मालक अजून खानदेशात जन्माला यायचा होता. धोतराचा सोगा शाफ्टने पकडला की माणूस त्याच्याबरोबर फिरायचा. म्हणून सरकारने सांगितलं, तेलवाल्याने अंगाबरोबर बसणारे तंग कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत. जाडंभरडं निळं कापड आणि शिंप्याचा अर्धा दिवस, एवढ्यात काम भागलं असतं.

पण शेठने विचार केला, हे कपडे बघणार कोण? इन्स्पेक्टर. मग ते इन्स्पेक्टरला आवडतील असेच हवेत. कारखान्यांचे इन्स्पेक्टर कामतसाहेब स्वतः पांढऱ्या ड्रिलच्या कपड्यांत हिंडत. झालं! धुळ्याला पोलीस अधिकाऱ्यांचे कपडे शिवणारा शिंपी गाठला गेला आणि पांढऱ्या ड्रिलची तंग विजार, बंद गळ्याचा कोट, वर पितळी बटणं असा सरंजाम तयार होऊन आला. मॅनेजर पुराणिक हात मागे बांधून त्या पोशाखाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "वा!" त्या क्षणी तेलवाल्याचा त्या कपड्यांवरचा हक्क संपला. असल्या कापडाला तेलाजवळ कोण जाऊ देईल? पोशाख डांबराच्या गोळ्या घालून ऑफिसच्या कपाटात बंद झाला आणि किल्ली पुराणिकच्या जानव्याला लटकली.

कामतसाहेब वर्षातून एकदा येत. स्टेशनवरून वर्दी आली की तेलवाल्या लोटनला हातपाय धुवायला लावून अर्ध्या तासापुरतं त्या पोशाखात कोंबलं जाई. तो तेलाची बुधली धरून शाफ्टपासून चार हात लांब उभा राही. साहेब म्हणत, "फार स्वच्छ ठेवता हो!" मग वहीत 'समाधानकारक' असा शेरा मारत आणि चहाला बसत. तेलवाल्याच्या अंगावर तेलाचा एक थेंबही नाही, हे त्या शिकलेल्या डोळ्यांना कधी खटकलं नाही.

भागाबाईला मात्र पहिल्या दिवशीच खटकलं होतं. भागाबाई ही लोटनची बायको. त्याच जिनिंगमध्ये सात नंबरच्या रेच्यावर कापूस घालायची. नवऱ्याचे तेलकट कपडे रोज तीच घासत असल्यामुळे तेलवाल्याचा कपडा कसा दिसतो हे तिला कुणी सांगायला नको होतं. पुराणिकबद्दल, शेठबद्दल आणि साहेबाबद्दल तिचं मत एकच होतं, आणि ते बरं नव्हतं. लोटनबद्दलही फारसं वेगळं नव्हतं, कारण त्या पोशाखात उभं केलं की हा गडी छाती काढून हसायचा.

त्यात पोशाखाला कपाटातही चैन पडेना. कापसाचा हंगाम आणि लग्नसराई खानदेशात हातात हात घालून येतात. चोपड्याकडचा हिलाल पाटील हा जिनिंगचा मोठा गिऱ्हाईक. त्याचा मोठा मुलगा मॅट्रिक झाला होता आणि लग्नात सायबी पोशाखच घालणार म्हणून अडून बसला होता. पाटलाच्या कापसाच्या गाड्या दुसऱ्या जिनिंगकडे वळू नयेत म्हणून पुराणिकने कपाट उघडलं. एकाचं बघून दुसरा आला. दोन हंगामांत पाच नवरदेव त्या कपड्यांत घोड्यावर बसले. माणूस मरू नये म्हणून सरकारने सांगितलेला पोशाख वरातींत मिरवत होता, आणि ज्याच्या जिवासाठी तो शिवला तो धोतर खोचून बोळात सरपटत होता. पुराणिकला यात काही चुकतंय असं वाटलं नाही. उलट पंचक्रोशीत आपलं वजन वाढलं असं तो घरी सांगे.

आणि मग पौषात जे व्हायचं ते झालं. शाफ्टने लोटनचं धोतर धरलं. धोतर जुनं, विरलेलं होतं म्हणून टरकन फाटलं. नवं असतं तर भागाबाई त्या दिवशीच विधवा झाली असती. फळ्यांवर बसल्या जागी पायाखालून तिला त्याची किंकाळी ऐकू आली. बाहेर ओढून काढला तेव्हा गुडघ्यापासून वर मांडीची सालटी निघाली होती आणि उरलेलं धोतर रक्ताने भिजलं होतं.

लोटन नऊ दिवस घरी पडून होता. कामगार दोन दिवसांवर पडून राहिला तर इन्स्पेक्टरला कळवायचं, हाही नियमच. पुराणिकने हजेरीच्या वहीत लिहिलं, 'घरी बाजेवरून पडला.' वर घरी येऊन लोटनकडून तेच वाक्य तीनदा म्हणून घेतलं. दहाव्या दिवशी लोटन दुसरं धोतर नेसून, पाय ओढत पुन्हा बोळात शिरला.

त्या दिवसापासून भागाबाईचं बाकी सगळं संपलं. लोटन खाली उतरला की तिचा हात रेच्यात कापूस घाली आणि जीव फळ्यांखाली सरपटत राही. तो पलीकडच्या टोकाला बाहेर आला की ती श्वास घेई. असं दिवसातून तीनदा. कधीतरी एकदा तो बाहेर येणार नाही, हे तिला लख्ख माहीत होतं. शेवटी ती ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अप्पासाहेब, त्या पांढरा कपडा त्यास्ले रोज घालाले द्या ना."

पुराणिकने चष्म्यावरून बघितलं. "तेलात बुडवायला? अगं ए तेलवाल्याची, ते कापड कसलं आहे कळतं का तुला?"

"मंग दुसरा शिवी द्या. जाडाभरडा चाली."

"एक पोशाख आहे ना? नियमाला तेवढा पुरतो."

"नियमले पुरस, अप्पासाहेब. मानूसले नही पुरस."

पुराणिक मोठ्याने हसला आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाला, "ऐका! ही आता कायदा शिकवणार." कारकूनही हसला, कारण हसणं हेच त्याचं निम्मं काम होतं. भागाबाई परत रेच्यावर येऊन बसली. लोटनला हे कळलं तेव्हा तो तिच्यावरच खेकसला, "साहेबलोकस्ना कपडा तो, आपले काय करना त्याना?" एवढ्या लांबीरुंदीच्या माणसात अक्कल इतकी कमी कशी मावते, असं तिला वाटलं, आणि त्याच माणसासाठी आपला जीव तुटतो याचा संतापही आला.

महिना गेला. हिलाल पाटलाच्या धाकट्याचं लग्न उरकलं आणि सकाळीच पाटलाचा गडी पोशाखाचं गाठोडं ऑफिसात टाकून गेला. पुराणिकने ते सोडलं आणि कपाळाला हात लावला. नवरदेवाच्या अंगाची ओली हळद कोटाच्या गळ्याला, मनगटांना माखली होती. उजव्या बाहीवर तर कुण्या करवलीने हळदीच्या हाताचा अख्खा पंजा उमटवला होता, पाचही बोटं मोजून घ्यावीत असा. तो शिव्या घालतोय तोच स्टेशनवरचा टांगेवाला धापा टाकत आला. कामतसाहेब सुरतेच्या गाडीने उतरले आहेत, पलीकडच्या जिनिंगमध्ये गेले आहेत आणि तिथून इकडेच येणार आहेत.

परीट गाठायला वेळ नव्हता. पुराणिकने भागाबाईला रेच्यावरून उठवून आणलं आणि गाठोडं तिच्या अंगावर फेकलं. "विहिरीवर जा. सोडा लाव आणि घासून काढ. तासाभरात स्वच्छ पाहिजे."

भागाबाईने डाग बघितले. "अप्पासाहेब, हळदले सोडा नका लावू. हळद सोडाघाई..."

"पुरे! आता कपडे धुण्यातही मला अक्कल शिकवणार का? सांगितलं तेवढं कर."

भागाबाईने तोंड मिटलं. या माणसाने जन्मात आपला रुमाल धुतला नव्हता, पंचा पिळला नव्हता. घरी आई, मग बायको, मग सून यांनी त्याला धुऊन वाळवून घडी करून दिलं होतं, आणि हा धुणं शिकवत होता. सोडा लागला की हळद लालभडक होते हे ज्या बाईने एकदाही हळदीचं लुगडं धुतलंय तिला ठाऊक असतं. पण ती बोलायला गेली तर पुरे म्हणाला. बरं तर, पुरे. तिने मूठभर सोडा घेतला, जरा विचार केला आणि आणखी एक मूठ घेतली.

हळद बघता बघता पेटली. गळा लाल झाला, मनगटं लाल झाली आणि बाहीवरचा पंजा तर असा लाल उठला की तिच्याच अंगावर काटा आला. तिने पोशाख पिळला आणि विहिरीजवळच्या कुंपणावर, फाटकातून येणाऱ्याला समोर दिसेल असा पसरला. हसली मात्र नाही. तिला राग आलेला होता.

पुराणिक घाईघाईने बघायला आला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "हे काय केलंस?"

"तुम्ही सांगं तेच करं."

तो पोशाख ओढायला धावला, पण तेवढ्यात टांगा फाटकातून आत आला होता. कामतसाहेब उतरले, टोपी सारखी केली आणि नमस्कार घ्यायला वळले तर समोर पांढऱ्या बाहीवर लाल पंजा. साहेब जागच्या जागी थांबले.

"पुराणिक, हे काय?"

"कुठं काय साहेब? ते... रुईच्या गठाणींवर मार्का घालायचा रंग. सांडला असेल."

साहेब कुंपणाजवळ गेले. बोट लावलं. बोट लाल झालं. "रंग गळ्याला आतून लागला? आणि हा हात कुणाचा? तेलवाला कुठे आहे?"

लोटन इतक्यात बोळातून वर आला होता. बायका रेचे सोडून दाराशी जमल्या होत्या, त्यांच्यातून वाट काढत तो पाय ओढत पुढे आला. साहेबांची नजर पायावर गेली. त्यांनी धोतर वर घ्यायला सांगितलं. मांडीवर हातभर लांबीची, अजून पुरती न गळलेली खपली होती.

"हे कधी झालं?"

लोटनने मान ताठ केली आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "बाजवरथीन पडनू, साहेब."

बायकांतलं कुणीतरी हसलं. कामतसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांना लोटनची कीव आली असं कुणी समजू नये. त्यांना आपला गेल्या वर्षीचा 'समाधानकारक' आठवला, त्याखालची आपली लफ्फेदार सही आठवली. इथे अपघात दडवला गेला असेल आणि उद्या हा माणूस खरंच मेला, तर ती सही त्यांना भोवणार होती. "पुराणिक," ते म्हणाले, "रक्ताने माखलेले कपडे धुऊन तुम्ही अपघात लपवताय. हा फौजदारी गुन्हा आहे."

'फौजदारी' ऐकल्यावर पुराणिकची सगळी मिजास गळाली. मोठ्या गुन्ह्यातून सुटायला त्याने लहान गुन्हा कबूल करून टाकला. "रक्त नाही हो साहेब! देवाशपथ, हळद आहे ही! हिलाल पाटलाच्या मुलाच्या लग्नाला दिला होता पोशाख!"

"हळद?" साहेब भडकले. "मला काय खुळा समजता? हळद पिवळी असते!"

"सकाळी पिवळीच होती, साहेब! धुतल्यावर लाल झाली!"

"धुतल्यावर माणसाचे कपडे पांढरे होतात, लाल होत नाहीत!"

असे दोन पदवीधर विहिरीजवळ हळदीचा रंग कोणता यावर भांडत उभे होते. एकाने रसायनशास्त्राची परीक्षा दिलेली, दुसरा त्याहून शहाणा. दाराशी चाळीस अडाणी बायका होत्या, आणि त्या चाळीसही जणींना उत्तर माहीत होतं. त्यांना विचारावं हे दोघांपैकी एकालाही बराच वेळ सुचलं नाही.

शेवटी सुचलं ते पुराणिकला, कारण त्याची मान अडकली होती. तो भागाबाईकडे वळला. आणि काय सांगावं, आजपर्यंत 'ए तेलवाल्याची' म्हणून हाक मारणाऱ्या त्या तोंडातून निघालं, "भागाबाई, तुम्ही सांगा ना साहेबांना. हळदच आहे ना ही?" मग जवळ येऊन दबक्या आवाजात, "एवढं सांगा. उद्यापासून लोटनला पोशाख देतो. रोज."

भागाबाईला हवं होतं ते हा माणूस देत होता. फक्त 'हळद' एवढा शब्द बोलायचा होता, आणि तो शब्द खोटाही नव्हता. पण या माणसाचा उद्या किती लांब असतो हे तिला माहीत होतं. साहेबाचा टांगा वळला की पोशाख कपाटात आणि लोटन बोळात. आणि पुढचं बोललं तर दोघांचं काम जाणार, हेही तिला तितकंच माहीत होतं. समोर लोटन डोळे मोठे करून मान हलवत होता. नको, नको. त्याच्या मागे फळ्यांखाली शाफ्ट घरघरत होता, दुपारच्या तेलाची पाळी व्हायची होती.

ती साहेबांकडे वळली.

"हळदच शे ती, साहेब. सोडा लागना की हळद लाल व्हस. विचारा या बठ्ठ्या बायास्ले." बायकांनी माना हलवल्या. पुराणिकने सुस्कारा सोडला. "पन त्यास्ना पायनं रगत बी खरं शे," भागाबाई तशाच आवाजात म्हणाली. "ते ह्या कपडास्ले कसं लागी? ह्या कपडा त्यास्ना आंगवर कव्हय व्हतात? शाफ्टनी धोतर धरं, रगत धोतरले लागेल शे. मी ते धोयं नही, तसंच ठेयेल शे. लई येऊ का?"

साहेबांनी 'आण' म्हणून मान हलवली. भागाबाई घरी गेली आणि धोतर घेऊन आली. काळं पडलेलं, वाळून कडक झालेलं ते फडकं तिने साहेबांच्या वहीशेजारी ठेवलं. साहेब बराच वेळ लिहीत बसले. या वेळी चहा नको म्हणाले. जाताना म्हणाले, "शाफ्ट बंद करा. तेलवाल्याच्या अंगावर तंग कपडे दिसल्याशिवाय फिरवायचा नाही. मी स्टेशनवर थांबतो, मला दाखवायला आणा." सहीच्या भीतीने का होईना, पण त्या माणसाने नोकरीत पहिल्यांदा कामाचं काहीतरी सांगितलं.

शाफ्ट थांबला आणि रेचे एकामागून एक गप्प झाले. ती शांतता पेढीवर बसलेल्या प्रकाशचंद शेठला सगळ्यात आधी ऐकू गेली. लोटनची मांडी सोलली तेव्हा आले नव्हते, ते शेठ आता पगडी सावरत धावत आले. बाजारातून शिंपी मशीनसकट उचलून आणला गेला. जाडंभरडं निळं कापड आलं. दिवस कलायच्या आत लोटनच्या मापाचे दोन जोड तयार झाले. दोन वर्षांत ज्याला मुहूर्त मिळाला नव्हता ते तीन तासांत झालं, कारण या वेळी माणूस नाही, यंत्र थांबलं होतं.

लोटनला काढणं शेठला परवडणारं नव्हतं. भर हंगामात त्या शाफ्टच्या खोडी जाणणारा दुसरा तेलवाला कुठून आणणार? पुराणिकलाही ठेवलं, कारण दंड भरायला आणि खोटं लिहायला कुणीतरी लागतंच. भागाबाईला मात्र फाटकाबाहेर काढलं. सात नंबरच्या रेच्यावर दुसऱ्या सकाळी दुसरी बाई बसली.

दुपारच्या सुट्टीत भागाबाई भाकरीचं फडकं घेऊन फाटकाशी आली. आत येऊ देत नव्हते, म्हणून बाहेरच लिंबाखाली बसली. लोटन निळी विजार आणि तंग सदरा घालून लंगडत आला. गुडघ्यापर्यंत तेलाचे डाग पडले होते. तोंड एवढंसं केलेलं होतं. बसता बसताच त्याने सुरुवात केली.

"तुले काय गरज व्हती तोंड उघडानी? काम गमाडी बठनी! आते हंगामभर घरमा काय करशी? आनि बठ्ठा माले हासी ऱ्हायनात. बँडवाला दिखस म्हने मी या कपडास्मा. आंग आवळस, बठता येत नही, काही नही..."

तो बोलतच राहिला. शेठ, पुराणिक, शेजारपाजार, सगळ्यांच्या वतीने बोलला. भागाबाईने भाकरी मोडली, तिच्यावर मिरचीचा ठेचा ठेवला आणि त्याच्या हातात दिली. त्याच्या पायांकडे, त्या घट्ट निळ्या विजारीकडे बघत म्हणाली, "बोला, बोला. जित्ता शेतस म्हनीसनच बोली ऱ्हायनात ना."

लोटनने तोंडात घास घातला आणि ठेच्यासाठी पुन्हा हात पुढे केला.